मस्तीखोर प्लगइनला वेगळी खोली: रीपर ७, घरगुती स्टुडिओच्या नजरेतून

ठाणे-नवी मुंबईत गाणं तयार होण्याची जागा म्हणजे बहुतेकदा कोणाची तरी बेडरूम. ऐरोली, कोपरखैरणे, कळवा, घोडबंदर, कुठेही जा. भिंतीला फोम, कोपऱ्यात गोधड्या टांगून केलेला डबिंगचा आडोसा, टेबलावर दोन स्पीकर आणि १६ जीबी रॅमचा पीसी. लग्नसराईच्या आधी हळदीची गाणी, आषाढ लागला की गणपतीची. गायक दारात उभा, निर्मात्याचा फोन चालू, आणि नेमका तेव्हाच ढोलकीचा सॅम्पलर (रेकॉर्ड केलेल्या थापा वाजवणारं वाद्य) सगळं सॉफ्टवेअर घेऊन उडतो.

ढोलकी, संबळ, कच्छी ढोल, बँजो, हार्मोनियम हे सगळं हल्ली प्लगइनमधून येतं, आणि प्लगइन हा स्वतंत्र प्रोग्राम नसतो. तो डीएडब्ल्यूच्या, म्हणजे गाणं रेकॉर्ड-मिक्स करायच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या पोटात, त्याच मेमरीत बसून चालतो. त्याने एका चुकीच्या पत्त्यावर काही लिहायचा प्रयत्न केला की विंडोज फक्त त्या प्लगइनला बाहेर काढत नाही, अख्खी प्रोसेस, म्हणजे चालू असलेलं पूर्ण डीएडब्ल्यू, बंद करतं. म्हणजे भाडेकरूची चूक आणि बिल्डिंग सील. लोक म्हणतात ‘क्यूबेस उडाला’, ‘एफएल हँग झालं’. पाहायला गेलं तर दोष बऱ्याचदा पोटातल्या त्या पाहुण्याचा असतो.

रीपर ७ हे क्यूबेस, एफएल स्टुडिओसारखंच एक डीएडब्ल्यू. त्याचा हा रिव्ह्यू फक्त या एका अंगाने आहे: न टिकणारी वाद्यं घेऊन काम पुरं करायला ते कितपत साथ देतं. त्याची मिक्सिंगची साधनं, स्क्रिप्टिंग, व्हिडिओ वगैरेला इथे हात लावलेला नाही.

आधी व्यवहार. रीपर कॉकोस कंपनीचं. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकलचं हे काम. सातवी आवृत्ती २०२३ च्या ऑक्टोबरात आली. पहिले ६० दिवस काहीही न कापता पूर्ण वापरता येतं. त्यानंतर उघडताना काही सेकंद आठवण करून देणारी खिडकी येते, पण कुलूप लागत नाही. सवलतीचं लायसन्स ६० डॉलर, व्यावसायिक २२५. सवलतीचं कोणाला? वैयक्तिक वापर करणाऱ्याला, किंवा ज्याच्या धंद्याची वर्षाची एकूण कमाई २०,००० डॉलरच्या आत आहे त्याला. बेडरूम स्टुडिओ बहुतेक यातच बसतो. डॉलरच्या भावाप्रमाणे पाच हजार रुपयांच्या थोडं वर जातं, वर कार्डावरचे परकीय चलनाचे पैसे धरा. सातवर घेतलेलं लायसन्स आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतं. या पैशात आणखी एक सॅम्पल लायब्ररी येईल हे खरं, पण ती चालवायला आधी न पडणारं घर लागतं.

आता मुद्द्याचं. रीपरमध्ये प्रत्येक प्लगइन कुठे चालवायचा हे आपण ठरवू शकतो. एफएक्स ब्राउझर (प्लगइनची यादी) उघडा, प्लगइनच्या नावावर राइट क्लिक, ‘रन ॲज’. तिथे नेटिव्ह म्हणजे नेहमीसारखा, रीपरच्या पोटात. ‘सेपरेट प्रोसेस’ म्हणजे रीपरच्या बाहेर, पण असे बाहेर काढलेले सगळे प्लगइन मिळून एकाच खोलीत. ‘डेडिकेटेड प्रोसेस’ म्हणजे ज्याची त्याची वेगळी खोली. बाहेर चाललेला प्लगइन कोसळला तर तो ट्रॅक मुका होतो, त्याची खिडकी पांढरी पडते, बाकीचं गाणं वाजत राहतं. ट्रॅकवर आधीच लावलेल्या प्लगइनला ही सेटिंग लगेच लागत नाही. त्याला ऑफलाइन (मेमरीतून बाहेर) करून परत ऑनलाइन करा किंवा प्रोजेक्ट बंद करून उघडा. सेटिंग लागली का ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं: ‘रीपर होस्ट’ नावाची वेगळी प्रोसेस चालू झालेली असते. प्लगइन कोसळण्याऐवजी नुसता अडकून बसला आणि रीपरही त्याची वाट पाहत थिजला, तर हीच प्रोसेस टास्क मॅनेजरमधून मारा. बहुतेक वेळा रीपर भानावर येतो.

हे वाचून सगळेच प्लगइन डेडिकेटेडमध्ये टाकायचा मोह होईल. करू नका. कारण दोन.

पहिलं कारण रॅम. कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरच्या चार प्रती एकाच प्रोसेसमध्ये असतील आणि चौघींत तीच ढोलकी असेल, तर सॅम्पल मेमरीत एकदाच चढतात आणि चौघी वाटून घेतात. चार वेगळ्या खोल्यांत तेच सामान चार वेळा भरावं लागतं. एका लायब्ररीने रॅममध्ये ६०० एमबी घेतले असं धरा, तर चार डेडिकेटेड प्रतींचे २.४ जीबी झाले. १६ जीबीच्या मशीनवर विंडोज, ब्राउझर आणि व्हॉट्सॲप चालू ठेवून हळदीचं गाणं करताना हा फरक चांगलाच बोचतो. रॅम संपत आली की प्लगइन पुन्हा कोसळतात, म्हणजे औषधानेच आजार.

दुसरं कारण बफर, म्हणजे एका फेरीत हाताळायच्या आवाजाच्या तुकड्याचा (ब्लॉकचा) आकार. रीपर आणि बाहेरच्या प्लगइनमध्ये प्रत्येक ऑडिओ ब्लॉकला देवाणघेवाण होते. ४८ किलोहर्ट्झवर बफर ६४ सॅम्पल असेल तर सेकंदाला ७५० ब्लॉक; ५१२ असेल तर साधारण ९४. दर फेरीचा खर्च थोडाच, पण फेऱ्या आठपट. म्हणून पॅडवर ढोलकी वाजवून घेताना, बफर ६४ किंवा १२८ असताना, बाहेर काढलेल्या प्लगइनची संख्या कमीत कमी ठेवा. मिक्सिंगला ५१२ किंवा १०२४ वर गेलात की हा भार जवळजवळ जाणवत नाही.

व्यवहारात बसणारी वाटणी अशी: भरवशाचे प्लगइन नेटिव्ह, जड पण बऱ्यापैकी शहाणे सॅम्पलर गरज पडली तर सेपरेटमध्ये एकत्र, आणि जो नाव घेऊन बदनाम आहे तो एकटा डेडिकेटेडमध्ये. असे बदनाम एका सेशनमध्ये दोनच्या वर निघाले तर डीएडब्ल्यू बदलण्यापेक्षा वाद्यं बदला.

पण बदनाम कोण, हे कसं कळणार? इथे बहुतेक जण अंदाजाने चालतात आणि निर्दोष प्लगइन काढून टाकतात. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. क्रॅशच्या वेळेची लाल खूण असलेली, आयडी १००० ची नोंद शोधा. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या ओळीत फाइलचं नाव असतं. तिथे प्लगइनची फाइल दिसली तर चोर सापडला. ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली तर प्लगइनचा आवाजाशी संबंधित भाग ठीक आहे, त्याची खिडकी रंगवताना घोटाळा होतोय. आधी ड्रायव्हर अपडेट करा. त्याच नोंदीत एक्सेप्शन कोड असतो. सी, मग सहा शून्यं, मग ५ असा कोड म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावला. सी, चार शून्यं आणि ३७४ म्हणजे मेमरीची मांडणीच कोणीतरी बिघडवली. यात पकडला गेलेला आणि बिघडवणारा वेगळे असू शकतात, त्यामुळे फक्त नावावर जाऊ नका. डेडिकेटेडचा फायदा इथे दुहेरी आहे: बिघडवणारा स्वतःच्याच खोलीत बिघडवतो, त्यामुळे आळ दुसऱ्यावर जात नाही. मॅकवर हेच काम कन्सोल ॲपमधल्या क्रॅश रिपोर्ट्समध्ये होतं. ‘क्रॅश्ड थ्रेड’च्या खालच्या पहिल्या काही ओळी वाचा.

नोंदीत काहीच धड नसेल तर अर्ध्या-अर्ध्याने शोधा. २४ ट्रॅक असतील तर १२ ट्रॅकवरचे एफएक्स ऑफलाइन करा, वाजवा; क्रॅश झाला तर दोष उरलेल्या १२ मध्ये. मग ६, मग ३. चार-पाच फेऱ्यांत नाव हाती येतं. बायपास नव्हे, ऑफलाइनच करा. बायपास केलेला प्लगइन मेमरीत बसूनच असतो. ऑफलाइन केलेला खरोखर बाहेर जातो. रीपरमध्ये मिक्सरवरच्या एफएक्सच्या नावावर कंट्रोल-शिफ्ट-क्लिक केलं की तो ऑफलाइन होतो.

रीपरचं सगळ्यात मोठं पुण्य मात्र पुढच्या प्रसंगात दिसतं: प्रोजेक्ट उघडताना दर वेळी क्रॅश. प्रोजेक्ट उघडण्याच्या खिडकीत खाली एक चौकोन आहे, ‘एफएक्स ऑफलाइन ठेवून उघडा’ अशा अर्थाचा, रिकव्हरी मोड. तो टिचकवला की गाणं उघडतं, एकही प्लगइन लोड होत नाही. मग ट्रॅकमागून ट्रॅक ऑनलाइन आणा. ज्याच्यावर पडेल तो दोषी. पुन्हा रिकव्हरीत उघडा, त्याला डेडिकेटेड करा किंवा काढा.

त्यानेही भागलं नाही तर एक गावठी पण खात्रीचा उपाय आहे, आणि तो रीपरमध्ये सहज शक्य आहे, कारण त्याची आरपीपी प्रोजेक्ट फाइल साधी मजकुराची असते. आधी फाइलची कॉपी करा. कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक ट्रॅकच्या आत एफएक्स चेनचा भाग असतो, त्यात ‘<’ चिन्हाने सुरू होणारी व्हीएसटीची (प्लगइनच्या एका प्रकाराची) ओळ, प्लगइनच्या नावासकट. तिच्या खाली अर्थ न लागणाऱ्या अक्षरांच्या रांगा; ती प्लगइनची सेटिंग. शेवटी एकट्या ओळीवर ‘>’ चिन्ह. सुरुवातीच्या ‘<’ पासून त्या ‘>’ पर्यंतचा तुकडा, दोन्ही चिन्हं धरून, पुसा आणि सेव्ह करा. बाहेरची चिन्हं चुकून गेली तर ट्रॅक विस्कटतो, म्हणून घाई नको. पॅच (निवडलेला आवाज) नव्याने लावावा लागेल, पण मिडी नोट्स, डबिंग, ऑडिओ, लेव्हल शाबूत राहतात.

ज्या प्लगइनचा आवाज चालतो पण खिडकी उघडली की तो मरतो, त्यासाठी एफएक्सच्या खिडकीतलं ‘यूआय’ बटण आहे. ते दाबलं की प्लगइनचा सजवलेला चेहरा बाजूला होतो आणि नुसते स्लायडर येतात. दिसायला रेशनच्या कार्डासारखं, पण व्हॉल्यूम, ट्यूनिंग, रिलीज बदलता येतं. डेडिकेटेडमध्ये खिडकी काळी पडत असेल तर ‘रन ॲज’मध्येच ‘एम्बेड ब्रिज यूआय’ काढून पाहा. खिडकी स्वतंत्र तरंगते आणि बऱ्याचदा सुधारते.

आणखी दोन सेटिंग क्रॅशच्या नव्हेत, अडखळण्याच्या आहेत, पण लोक त्यांना क्रॅशच समजतात. मोठ्या सॅम्पलरवर नॉब फिरवला की दर वेळी दीड-दोन सेकंद गाणं थिजतं? रीपर अनडूसाठी प्लगइनची पूर्ण अवस्था साठवतोय. एफएक्सच्या खिडकीतल्या अधिकच्या मेनूत कंपॅटिबिलिटी सेटिंग्ज आहेत, तिथे ‘सेव्ह मिनिमल अनडू स्टेप्स’ लावा. दुसरी: रीपर जे ट्रॅक लाइव्ह वाजत नाहीत त्यांचं गणित आगाऊ करून ठेवतो, मूळ सेटिंग २०० मिलिसेकंदांची. कामाची सोय आहे, पण काही जुनी वाद्यं त्यात नोट गिळतात किंवा उशिरा वाजतात. ट्रॅकवर राइट क्लिक करून परफॉर्मन्सच्या पर्यायांत त्या एका ट्रॅकपुरती ही आगाऊ प्रक्रिया बंद करता येते. सगळ्या प्रोजेक्टची बंद करू नका, सीपीयू लगेच वर जातो. कोण किती खातोय ते कंट्रोल-ऑल्ट-पी दाबल्यावर ट्रॅकवार दिसतं. आणि कॉन्टॅक्ट वापरत असाल तर त्याच्या इंजिनच्या सेटिंगमधला मल्टिप्रोसेसर सपोर्ट बंद ठेवा. सीपीयूच्या कोअरची वाटणी रीपर करतोच, दोघे वाटायला बसले की भांडण.

रीपर जे बरं करू शकत नाही तेही सांगायला हवं. पेनड्राइव्हवरून आलेला क्रॅक प्लगइन कुठल्याही खोलीत ठेवा, तो कधी पडेल याचा नेम नाही. लायसन्सची तपासणी कापून काढताना आत काय-काय कापलं गेलं कोणाला ठाऊक. अशा प्लगइनच्या क्रॅशबद्दल कुठल्याही डीएडब्ल्यूला नावं ठेवणं बरोबर नाही. नवीन पीसीवर प्लगइन यादीतच येत नसेल तर बरेचदा मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइम बसवलेलं नसतं. जुनं ३२ बिटचं बँजो किंवा सनईचं फुकट प्लगइन विंडोजवर रीपर आपोआप बाहेर काढून चालवतो, हे कौतुकाचं, पण ३२ बिटला मेमरीची मर्यादा आहेच. शिवाय त्याच वाद्याची व्हीएसटी २ आणि व्हीएसटी ३ अशी दोन रूपं बसलेली असतील तर एकाने कोसळणारं वाद्य दुसऱ्याने सुरळीत चालतं, असं पुष्कळदा होतं. व्हीएसटी काढणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने प्लगइन बनवणाऱ्यांना व्हीएसटी २ चं किट २०१८ पासून देणं थांबवलं, म्हणून नव्या प्रोजेक्टला व्हीएसटी ३ धरा. पण अर्ध्यावर आलेल्या गाण्यात रूप बदलू नका. सेटिंग नीट उतरेलच असं नाही.

बाकीच्या डीएडब्ल्यूंच्या तुलनेत? बिटविगची सोय याहून नीटनेटकी आहे: सगळे आत, सगळे बाहेर एकत्र, कंपनीवार, प्लगइनवार किंवा प्रत्येक प्रत वेगळी, असे पाच पर्याय समोरच मांडलेले. कंपनीवार हा तर फार शहाणा पर्याय, रॅमची वाटणीही टिकते. पण किंमत रीपरच्या कितीतरी वर. एफएल स्टुडिओ ज्यांच्या हातात बसलंय त्यांनी केवळ यासाठी घर बदलायची गरज नाही. प्लगइनच्या रॅपर सेटिंगमध्ये ‘मेक ब्रिज्ड’ (प्लगइन बाहेर चालवणं) आहे, आणि तिथलंच ‘यूज फिक्स्ड साइझ बफर्स’ लावलं की बरेच हट्टी सॅम्पलर हट्ट सोडतात, कारण एफएल ब्लॉकची लांबी कमीजास्त करत राहतं आणि काही प्लगइनना ते पचत नाही. क्यूबेसमध्ये सुरू होताना कंट्रोल-शिफ्ट-ऑल्ट दाबून सेफ मोड मिळतो, तिथून बाहेरचे प्लगइन बंद ठेवून उघडता येतं, पण एकेकाला वेगळी खोली नाही.

रीपरबद्दलच्या तक्रारी. वरच्या जवळजवळ सगळ्या सोयी मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या थरात पुरलेल्या आहेत. नवा माणूस त्या शोधेपर्यंत गणपती विसर्जन होऊन जाईल. आपोआप जास्तीची प्रत ठेवण्याची सेटिंगही स्वतः जाऊन लावावी लागते: प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या विभागात, दर काही मिनिटांनी वेळेचा शिक्का असलेली वेगळी फाइल. ५ मिनिटं ठेवा. पावसाळ्यात लाइटची उघडझाप असते तेव्हा ती क्रॅशइतकीच उपयोगी. बाहेर काढलेल्या प्लगइनच्या खिडकीत कीबोर्ड अधूनमधून रुसतो, स्पेस दाबला तरी गाणं थांबत नाही. आधी ट्रॅकवर क्लिक करावं लागतं. आणि सोबत मिळणारी वाद्यं? जवळजवळ काहीच नाहीत. ढोलकी-संबळ तर सोडाच, धड पियानोही नाही.

एक सवय मात्र क्रॅश झाल्या क्षणी मोडायची: कंट्रोल-एस दाबणं. मेलेल्या प्लगइनकडून त्याची सेटिंग परत मिळेलच याची खात्री नसते, आणि चांगल्या फाइलवर रिकामी सेटिंग लिहिली जाऊ शकते. आधी ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव द्या, मग प्लगइन ऑफलाइन-ऑनलाइन करा, पॅच जागेवर आला का ऐका.

ऱ्हिदम पक्का झाला की सॅम्पलरला जागं ठेवण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर राइट क्लिक, रेंडर-फ्रीझ, ‘फ्रीझ टू स्टिरिओ’. ट्रॅकचा ऑडिओ होतो, प्लगइन मेमरीतून जातो, हवं तेव्हा अनफ्रीझ करता येतं. ढोलकीची धुम आणि चाट वेगळ्या आउटपुटवर काढली असेल तर स्टिरिओ नव्हे, मल्टिचॅनल फ्रीझ करा, नाहीतर दोन्ही एकात मिसळतील. फ्रीझ झाल्यावर एकदा पूर्ण गाणं हेडफोनवर ऐका. कुठे थाप गायब असेल तर सॅम्पल डिस्कवरून वेळेत आलेले नसतात. कारण फ्रीझ आणि फायनल रेंडर (गाण्याची शेवटची ऑडिओ फाइल काढणं) दोन्ही मूळ वेगापेक्षा कितीतरी जोरात धावतात. तो ट्रॅक अनफ्रीझ करा आणि रेंडरच्या खिडकीत ‘फुल स्पीड ऑफलाइन’ऐवजी ‘वन एक्स ऑफलाइन’ निवडा. साडेचार मिनिटांच्या गाण्याला साडेचार मिनिटं लागतील, तेवढ्यात चहा होतो.